ठसका थांबला म्हणजे घसा सुधारला का?

इंदूरहून एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

माझे सासरे (आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो) ७८ वर्षांचे आहेत. सात महिन्यांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, बोलणं थोडं जड झालंय, पण डोकं लख्ख आहे. चहा-पाणी घेताना त्यांना जोरात ठसका लागायचा. डॉक्टर म्हणाले, एपिग्लॉटिस (श्वासाच्या वाटेवरचं झाकण) नीट बंद होत नाही, पाण्यात घट्ट करायची पावडर घाला आणि गिळण्याची तपासणी करून घ्या. तपासणी राहूनच गेली. पावडरचा चहा नाना तोंडात धरत नाहीत, ‘ही लापशी आहे’ म्हणतात. सासूबाईंच्या मते पडजीभ खाली आलीय. ओळखीतल्या एक बाई हळद-मीठ लावून अंगठ्यानं ती वर करून देतात, त्यांच्याकडे न्यायचं म्हणतात. नणंद म्हणते, या वयात बंधनं कशाला, रविवारी पोहे-जिलबी मागतात तर द्या की. हे म्हणतात, एकदाची नाकातून अन्नाची नळी घालून घेऊ, रोजची धास्ती नको. गेल्या महिन्याभरात मात्र ठसका जवळजवळ थांबलाय. मधे दोनदा बारीक ताप येऊन गेला, पण तो हवा बदलल्यामुळे असावा. म्हणजे झाकण आपोआप सुधारलं ना? की ऑपरेशन करून ते नीट करावं लागेल? सगळ्यांचं ऐकून मी थकले आहे. नानांना मी नक्की काय खायला देऊ?

ताई,

तापाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे, पण मी सुरुवात तिथूनच करते. ठसका थांबला आणि त्याच महिन्यात दोनदा ताप येऊन गेला. तुम्ही या दोन गोष्टी वेगवेगळ्या मांडल्या आहेत, मला त्या जोडीनं दिसतात. तेव्हा पुढचं वाचण्याआधी एवढं ठरवा: याच आठवड्यात नानांना त्यांच्या डॉक्टरांकडे न्या, छाती तपासून घ्या आणि ‘ठसका बंद झालाय, दोनदा ताप आला होता’ हे दोन्ही एका दमात सांगा. ताप पुन्हा चढला, श्वास भरभर चालू लागला किंवा नाना गुंगीत वाटले, तर त्याच दिवशी न्या.

आता कारण सांगते. ठसका हाच आजार, आणि तो गेला की आजार गेला, असं आपण सगळेच धरून चालतो. पण ठसका हा घशाचा पहारा आहे. स्वरयंत्राच्या वरच्या भागातलं अस्तर फार संवेदनशील असतं. पाण्याचा थेंब तिथे पोचला की व्हेगस नावाच्या मज्जातंतूची एक शाखा मेंदूला खबर देते आणि छातीतली हवा जोरानं बाहेर फेकली जाते. वारं गेल्यावर गिळण्याचे स्नायू दुबळे होतात तशी ही जाणीवही बोथट होऊ शकते. मग पाणी चुकीच्या वाटेनं श्वासनलिकेत उतरतं आणि माणूस खोकतसुद्धा नाही. समोर बसलेल्याला वाटतं, आज किती छान प्यायले! डॉक्टर याला सायलेंट अ‍ॅस्पिरेशन म्हणतात, आणि पक्षाघाताच्या रुग्णांत ते विरळा नाही. त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हाताऱ्या माणसात तो हुडहुडी भरूनच येतो असं नाही. बारीक ताप, जेवणावरची वासना उडणं, मलूलपणा, एवढ्यावरही सुरू होतो.

नानांचं असंच झालंय असं मी म्हणत नाही. ते खरोखर सुधारलेही असतील. पक्षाघातानंतर सुरुवातीला साधारण निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास होतो आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा तो पहिल्या काही आठवड्यांत ओसरतो. सात महिन्यांनी ठसका थांबण्याचे मात्र दोन्ही अर्थ निघतात, आणि नुसतं बघून ते वेगळे करता येत नाहीत. घोटभर पाणी पाजून बघितलं तरी येत नाहीत, कारण न खोकणाऱ्या माणसाची ती परीक्षा निरुपयोगी ठरते.

झाकणाचं चित्र आपल्या मनात शाळेपासून बसलेलं असतं. घास आला की झाकण खाली, श्वास घ्यायचा की वर. ते चित्र अपुरं आहे, आणि त्यामुळेच तुम्हाला ऑपरेशनचा प्रश्न पडला. एपिग्लॉटिस ही पानाच्या आकाराची पातळ कूर्चा. जिभेच्या मुळामागे, स्वरयंत्राच्या तोंडाशी ती उभी असते. तिचा खालचा निमुळता देठ कंठमण्याच्या कूर्चेला आतून बांधलेला असतो, वरचा रुंद भाग मोकळा राहतो. आपल्या कानाचा बाहेरचा भाग ज्या लवचीक कूर्चेचा असतो, त्याच जातीची ही. वाकवली तर वाकते, सोडली की पुन्हा उभी राहते. वय वाढेल तशा स्वरयंत्राच्या मोठ्या कूर्चा हाडासारख्या टणक होत जातात, ही सहसा होत नाही. तेव्हा नानांची एपिग्लॉटिस बहुधा शाबूत आहे.

मग ती बंद का होत नाही? कारण तिला खाली ओढून बंद करील असा तिचा स्वतःचा दमदार स्नायूच नाही. दोन बोटं कंठमण्यावर हलकेच ठेवा आणि आवंढा गिळून बघा. कंठमणी वर सरकतो आणि परत खाली येतो, तो हातालाच लागेल. गिळताना हनुवटीखालचे स्नायू हायॉइड नावाचं हाड आणि त्याच्याबरोबर सगळं स्वरयंत्र वर-पुढे ओढतात, जिभेचं मूळ मागे रेटतं, आणि या ओढाताणीत एपिग्लॉटिस मागे कलंडून स्वरयंत्राच्या तोंडावर येते. त्याच वेळी तिच्याखाली स्वरतंतू एकमेकांना भिडतात, त्यांच्यावरच्या घड्याही मिटतात, श्वास थांबतो आणि अन्ननलिकेचं तोंड सैल होऊन उघडतं. हे सगळं सेकंदाभरात. घास उतरल्यावर आपण बहुतेक वेळा आधी श्वास बाहेर सोडतो, त्यामुळे एखादा कण तोंडाशी उरलाच तर तो बाहेर ढकलला जातो. दिवसातून शेकडो वेळा हे घडतं आणि आपल्याला त्याची शुद्धही नसते. मी वर्षानुवर्षं गिळण्याचे रुग्ण बघत आले, तरी या एका सेकंदाचं नवल मला अजून वाटतं.

स्वरयंत्राच्या वरच्या भागाचा कर्करोग झाला तर काही रुग्णांची एपिग्लॉटिस काढून टाकावी लागते. त्यातले पुष्कळ जण सराव करून पुन्हा तोंडानं जेवतात. खालचे स्वरतंतू नीट मिटत असतील तर एपिग्लॉटिसवाचूनही निभावतं. आणि एपिग्लॉटिस धडधाकट असली, तरी तिला कलंडवणारे स्नायू उशिरा हलले किंवा कमी हलले तर पाणी आत जातं. नानांचं हे दुसरं असण्याचीच शक्यता जास्त आहे. तसं असेल तर कापाकापीनं ते सुधारणार नाही. स्नायूंना व्यायाम द्यावा लागेल, तोही त्यांच्या घशात नक्की काय होतं ते बघून ठरवलेला.

चहा-पाण्यालाच ठसका का लागायचा, तेही यातून कळतं. पाणी जिभेवरून क्षणात घरंगळतं, आणि नानांचे स्नायू हलेपर्यंत ते स्वरयंत्रापाशी पोचलेलं असतं. दाट पदार्थ सावकाश सरकतो, स्नायूंना उसंत मिळते. पण म्हणून जितकं घट्ट तितकं बरं, असं मात्र समजू नका. जिभेचं मूळ आणि एपिग्लॉटिस यांच्या मधे दोन लहान खळगे असतात. गिळणं दुबळं झालं की दाट, चिकट घास तिथे साचून राहतो. नाना जेवून उठले, आडवे झाले, की तो सावकाश खाली उतरतो आणि थेट श्वासनलिकेकडे जाऊ शकतो. म्हणून जेवणानंतर त्यांच्याशी दोन वाक्यं बोला आणि आवाज ऐका. एरवीपेक्षा ओलसर, घरघरता वाटला तर घशात काहीतरी उरलंय. त्यांना खाकरून पुन्हा गिळायला सांगा, आणि असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना कळवा.

सासूबाईंच्या काळजीत प्रेम आहे, पण पडजीभ वेगळी आणि एपिग्लॉटिस वेगळी. आरशासमोर तोंड उघडलं की मधोमध लोंबताना दिसते ती पडजीभ. ती मऊ टाळूचा भाग, आणि गिळताना टाळू वर उचलला जाऊन नाकाकडची वाट बंद होते. एपिग्लॉटिस तिच्या बरीच खाली, जिभेच्या पाठीमागे असते. मोठ्या माणसात ती सहसा आरशात दिसतही नाही. पडजीभ अंगठ्यानं दाबून नानांच्या त्रासात काही फरक पडणार नाही. उलट घशात बोट गेल्यानं उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका त्यांना इतरांपेक्षा जास्त आहे. हे मात्र होऊ देऊ नका. सासूबाईंना नको म्हणण्याआधी त्यांचीच बोटं त्यांच्या कंठमण्यावर ठेवून आवंढा गिळायला लावा. नानांचं काय अडलंय ते मग समजावणं सोपं जाईल.

राहून गेलेली तपासणी हीच आता सगळ्यात गरजेची. ती दोन प्रकारे होते. एकात नाकातून बारीक, लवचीक दुर्बीण घालतात आणि रुग्णाला रंगीत पाणी, दही, बिस्किट असं थोडं थोडं खायला देतात. खळग्यांत काय साचलं, स्वरतंतूंच्या खाली काय उतरलं, हे पडद्यावर दिसतं. दुसऱ्यात अन्नात बेरियम मिसळून देतात आणि गिळतानाचा एक्स-रेचा चलचित्रपट घेतात. भूल कुठल्यातच लागत नाही. दोन्हीत एक मोठा फायदा असा, की हनुवटी खाली घेऊन गिळलं तर काय होतं, मान दुबळ्या बाजूला वळवली तर काय होतं, किती घट्ट पाणी पुरतं, हे तिथल्या तिथे करून बघता येतं. इंदूरला एमवायच्या किंवा दुसऱ्या मोठ्या रुग्णालयाच्या कान-नाक-घसा ओपीडीत आधी फोन करून विचारा, कारण ही सोय सगळीकडे असतेच असं नाही. स्पीच थेरपिस्टचीही चिठ्ठी मागा. बोलण्याबरोबर गिळण्यावर उपचार करणं हेही त्यांचंच काम, पण पुष्कळ घरांना ते माहीतच नसतं.

तपासणी होईपर्यंत डॉक्टरांनी सांगितलेली पावडर सोडू नका, पण कुठली आहे ते डब्यावर वाचा. स्टार्चची असेल तर पेला ठेवल्या ठेवल्या आणखी घट्ट होत जातो, आणि तोंडात गेल्यावर लाळेमुळे पुन्हा पातळ होतो. नानांची ‘लापशी’ कदाचित हीच. झँथन गमची पावडर टिकून राहते, चवही कमी बिघडवते. तीत बदल करता येईल का ते विचारा. किती घट्ट हवं हेही आकड्यात विचारा. द्रवाचा घट्टपणा ० ते ४ अशा पायऱ्यांत मोजतात. १० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढा, खालचं तोंड बोटानं बंद करून ती १० पर्यंत भरा, बोट काढून १० सेकंदांनी पुन्हा बंद करा. १ ते ४ मिली उरलं तर पायरी १, ४ ते ८ उरलं तर २, ८ च्या वर उरलं तर ३. फक्त सिरिंजवर शून्यापासून १० पर्यंतचं अंतर ६१.५ मिलिमीटर असलं पाहिजे, नाहीतर माप चुकतं. आणि एक लक्ष ठेवा: घट्ट पाणी माणसं कमी पितात. नानांची लघवी गडद किंवा कमी होऊ लागली तर अंगातलं पाणी कमी पडतंय.

भरवताना त्यांना पलंगावर टेकवू नका, खुर्चीत ताठ बसवा, पाय जमिनीला टेकलेले असू द्या. लहान चमचा, एका वेळी एकच घास, तो उतरल्याशिवाय दुसरा नाही. टीव्ही बंद, आणि तोंडात घास असताना त्यांना कुणी काही विचारायचं नाही. नळीनं (स्ट्रॉनं) पाणी नको. त्यांची डावी बाजू दुबळी आहे, तेव्हा डाव्या गालात घास अडकून राहतो का ते दर वेळी बघा. जेवल्यावर निदान अर्धा तास बसून राहू द्या. आणि दात, जीभ, कवळी सकाळ-संध्याकाळ नीट घासून घ्या. फुफ्फुसात बिघाड करतात ते जंतू बहुतेक वेळा तोंडातूनच खाली गेलेले असतात. तोंड स्वच्छ असेल तर थोडी लाळ चुकून आत गेली तरी न्यूमोनियाचा धोका कमी होतो. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण मला विचाराल तर पावडरीइतकंच मोलाचं आहे.

आता पोहे-जिलबी. इंदूरच्या माणसाला रविवारी सकाळी पोहे नको म्हणणं किती जिवावर येतं, ते मी समजू शकते. पण नानांच्या घशाला जे जे अवघड, ते नेमकं त्या बशीत एकवटलंय. सुटे सुटे दाणे, वर कुरकुरीत शेव, त्यावर भुरभुरलेलं जिरावण (कोरडा इंदुरी मसाला), जे श्वासाबरोबरच आत ओढलं जातं. जिलबीत कुरकुरीत कड आणि पातळ पाक एकदम तोंडात येतात. दोन जातींचा घास सांभाळणं दुबळ्या घशाला सगळ्यात कठीण. चहात बुडवलेला टोस्ट, दुधातला चिवडा, रस्सा-भात, सगळं याच पंक्तीतलं. आइस्क्रीम-कुल्फी दिसायला घट्ट, पण तोंडात वितळून पाणीच होते. याउलट भुट्ट्याचा कीस दुधात भरपूर शिजवून, मोहरी-खोबरं न घालता मिक्सरमधून काढला तर पुष्कळ रुग्णांना जमतो. बिनचारोळीचं श्रीखंड, एकजीव केलेली मुगाची खिचडी, घट्ट गोड दही हेही. इंदुरी शिकंजी मुळातच दाट असते; सुकामेवा गाळून काढला तर ती कुठल्या पायरीची भरते ते सिरिंजनं मोजून बघा. नाना पावडरचा चहा नाकारतात, पण शिकंजी बहुधा नाकारणार नाहीत. मात्र हे सगळं तपासणीत जमतंय असं दिसल्यावर; आज लगेच नाही.

नळीबद्दल तुमच्या यजमानांना सांगा, की नळीनं धास्ती पूर्ण जात नाही. नाकातून पोटात गेलेल्या नळीमुळे अन्न आणि औषधं पोचतात, पण लाळ तोंडातच राहते, पोटातलं कधी कधी वर येतं, आणि दोन्ही श्वासनलिकेत जाऊ शकतात. तपासणीत काहीच सुरक्षित उतरत नाही असं दिसलं, किंवा वजन घटत चाललं, तर नळी घालावी, आणि तिला घाबरू नये. ती घालून व्यायाम चालू ठेवता येतात, सुधारणा झाली की काढताही येते. फार काळ लागणार असेल तर पोटावरून थेट जठरात घालायची नळी जास्त सोयीची पडते. पण तपासणीच्या आधी, केवळ घरच्यांची भीती संपावी म्हणून ती नको.

नणंदबाईंचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. जेवणातली गोडी जाणं हे म्हाताऱ्या माणसाचं मोठं दुःख असतं. फक्त त्यांचा निर्णय त्या नानांच्या वतीनं घेत आहेत, यजमानही तसंच करत आहेत, आणि डोकं लख्ख असलेल्या माणसाचं स्वतःचं मत पत्रात कुठेच नाही. तपासणीचा निकाल आला की तो आधी नानांना समजावा. सगळं कळल्यावर ते म्हणाले, की रविवारी दोन घोट साधा चहा मी घेणार, जे होईल ते होईल, तर ती जोखीम पत्करण्याचा हक्क त्यांचा आहे. मग डॉक्टरांना विचारून ती कमीत कमी कशी राहील ते बघायचं: कुठल्या वेळी, किती, तोंड धुतल्यावर, कोण जवळ असताना. हा निर्णय तुम्ही एकटीनं घ्यायचा नाही आणि त्याचं ओझंही एकटीनं वाहायचं नाही.

अशीच काळजी असलेल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. घास पूर्ण अडकून माणसाला बोलता, खोकता येईनासं झालं तर पाणी पाजू नका. पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं पाच जोरदार थापा, तेवढ्यानं सुटलं नाही तर मागून बेंबीच्या वर मूठ धरून पाच वेळा आत-वर झटके, असं आलटून पालटून करा आणि कुणाला तरी १०८ लावायला सांगा. दुसरं, एपिग्लॉटिसलाच सूज येण्याचा एक आजार असतो. त्यात एकाएकी सणसणून ताप, गिळता न आल्यानं गळणारी लाळ, दबलेला आवाज, आणि श्वासासाठी पुढे झुकून बसलेलं मूल किंवा मोठा माणूस असं चित्र दिसतं. अशा वेळी चमच्यानं जीभ दाबून घसा बघायचा नाही, आडवं झोपवायचं नाही, बसत्या स्थितीत तडक रुग्णालय गाठायचं. लहान मुलांत तो बहुतेक हिब या जंतूमुळे होई. त्याची लस आपल्याकडे बाळांना पेंटाव्हॅलंटमधून मिळते, ती चुकवू नका.

ताई, तपासणीच्या दिवशी नणंदबाईंना बरोबर न्या. यजमानांनाही सुट्टी घ्यायला सांगा. पडद्यावर नानांचा घसा तिघांनी मिळून बघा, आणि ज्याचे जे प्रश्न असतील ते त्यानं तिथेच डॉक्टरांना विचारू दे. नाना घरी काय काय खातात याची यादी लिहून न्या. पोहे आणि चहा तीत सगळ्यात वर लिहा.